मामा-मामींचा हवापालट

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला गेला होता. आता चार दिवस जरा पाठ टेकीन असं मी म्हणत होते, तोच ह्यांनी शाळेतून आल्या आल्या कोट खुंटीला अडकवत सांगितलं, "मामा-मामी येताहेत. हवापालटाला."

मामा म्हणजे ह्यांचे सख्खे मामा. मुंबईला गिरगावात राहायचे. एका कचेरीत जन्मभर नोकरी करून नुकतेच पेन्शनीत निघाले होते. त्यांना खोकला होता आणि त्यांच्या डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली होती. मुंबईच्या माणसाला कोरडी हवा सांगितली की त्याला नाशिकचा कोणीतरी आप्त आठवतो, हे मी लग्न होऊन आल्यापासून पाहत आले होते. थंडीच्या दिवसांत आमच्या आळीतल्या घरोघरी ओट्यावर कोणी ना कोणी मफलर गुंडाळून खोकत बसलेलं असायचं.

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

"आठ-पंधरा दिवस. हवा मानवली तर थोडे जास्त."

ह्यांचे वडील लवकर गेले आणि कॉलेजची सगळी वर्षं हे मामांच्या घरी राहून शिकले. त्यामुळे मामांचं नाव निघालं की आमच्या घरात पुढचं बोलणंच संपायचं. हे शाळामास्तर. वर्गात म्हणे ह्यांचा दरारा होता. मामांपुढे मात्र हे अजून दप्तर घेऊन उभे असल्यासारखे वागायचे.

आमचं बिऱ्हाड गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या आळीत होतं. पुढची एक खोली, मधलं अंधारं माजघर आणि मागे चिंचोळं स्वयंपाकघर. त्याच्या मागे एवढंसं परसू, त्यात नळ, मोरी आणि तुळस. मुलं तीन. थोरली दहा वर्षांची, तिच्या पाठचा मुलगा सात वर्षांचा आणि धाकटी नुकतीच धरून उभी राहायला लागलेली. एवढ्या माणसांना ते घर पुरत नव्हतंच, पण निदान कोण कुठे निजतो हे ठरलेलं होतं. आता पुढची उन्हाची खोली मामा-मामींना द्यायची म्हणजे आम्ही पाचही जणं माजघरात, जात्याच्या आणि पाटा-वरवंट्याच्या शेजारी. दोन चांगल्या रजया होत्या त्या पाहुण्यांना. मुलांना उरली एक मोठी गोधडी. रोज पहाटे ती कोणी ओढून घेतली यावरून भांडण व्हायचं आणि त्या भांडणानंच मला जाग यायची.

मामा-मामी आले तो दिवस मला लख्ख आठवतो. नाशिकरोडाहून टांगा आला. टांग्यात ट्रंक, वळकट्या आणि मागच्या बाजूला सुंभानं आवळून बांधलेली मामांची आरामखुर्ची. टांगेवाला ती सोडत बसला तोवर मामा रस्त्यातच उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि ह्यांना म्हणाले, "वा. हवा म्हणजे हवा आहे."

मामी मागून उतरल्या. लहानखुऱ्या, चेहरा पिवळट, हातात एक बोचकं. मी पाया पडले तर "असू दे, असू दे" म्हणाल्या. मग पुढच्या खोलीतून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर असं सरळ चालत जाऊन परसात पोचल्या. तिथे तुळशीपाशी ऊन पडलं होतं. कपडे धुवायच्या दगडावर त्या टेकल्या, डोळे मिटले आणि जेवायची पानं मांडली तेव्हाच उठल्या. मला वाटलं, प्रवासानं दमल्या असतील.

दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच बसल्या. तिसऱ्या दिवशीही.

आता नाशिकची थंडी म्हणजे काय ते सांगायला हवं. पाऊस सरला की हवा अशी कोरडी पडते की टाचांना भेगा, ओठांना भेगा, सारवलेल्या जमिनीलासुद्धा भेगा. खोबरेल बाटलीत थिजून बसतं, ते उन्हात ठेवावं तेव्हा डोक्याला मिळतं. विरजण लागत नाही. रात्री लावलेलं दूध सकाळी तसंच दूध असतं, आणि जेवताना ताक नाही म्हणून घरचा कर्ता पुरुष पानावर असा बसतो की जणू मीच ते दडवून ठेवलंय. भांड्यांना हात लावला की बोटं बधिर होतात. त्यात माझी भांडी घासणारी बाई पेठ तालुक्यातली. भातकापणीला गावी गेली की शेताचा धनी सोडील तेव्हा परत यायची. त्या वर्षी ती मार्गशीर्ष लागला तरी आली नव्हती.

सगळ्यात मोठं काम बंबाचं. मी उठून बंब पेटवायची. ढलप्या ओल्या असल्या की फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी. पाणी तापलं की पहिली अंघोळ मामांची, कारण त्यांना खोकला. मग ह्यांची, कारण शाळा. मग मुलांची, आणि मुलाला मोरीपर्यंत धरून न्यावं लागायचं. मग मामी. शेवटी मी, तेव्हा बंबातून यायचं ते पाणी कोमट म्हणायलाही जीभ वळत नसे. पुन्हा पेटवावा तर ढलप्या संध्याकाळसाठी राखायच्या, कारण मामा फिरून आले की गरम पाण्यात पाय घालून बसत.

मामांचं फिरणं मोठं होतं. कानटोपी, तिच्यावर मफलर, अंगात कोट, त्यावर शाल, हातात काठी. सकाळी गंगेवर जाऊन घाटाच्या पायऱ्या दोनदा चढायच्या आणि उतरायच्या. जाताना ते पुढच्या खोलीची सगळी तावदानं उघडून ठेवत.

"सूनबाई, खिडक्या लावू नकोस. हवा खेळली पाहिजे," असं दारातून सांगून जात.

ते स्वतः बाहेर, चार कपड्यांत. हवा खेळायची ती आमच्या अंगाशी. महिन्याभरात माझ्या तिन्ही पोरांची नाकं वाहायला लागली. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा. धाकटीची छाती घरघरतेय."

हे म्हणाले, "मामांना वाईट वाटेल." आणि हळूच जाऊन एक तावदान लावून आले. तीन उघडीच राहिली.

फिरून आले की मामांना भूक लागे. त्यांच्यासाठी सुंठ-मिऱ्यांचा काढा, मग चहा, मग गरम भाकरी. बाजरी मी रोज जात्यावर दळत होते, कारण दळलेलं पीठ चार दिवसांत कडू होतं. चुलीवरून उतरलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, लसणीची चटणी, चंपाषष्ठी झाल्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. मामा दोन भाकऱ्या खायचे, कधी अडीच. खोकलाही कमी झाला होता. अंगावर तकाकी आली होती. संध्याकाळी ह्यांच्या शाळेतले कोणी, शेजारचे कोणी येऊन बसत, तेव्हा मामा आरामखुर्चीत मागे रेलून सांगत, "मुंबईत मला अर्धी पोळी जात नव्हती. इथे दोन भाकऱ्या खाऊनही पोट हलकं. ही हवेची करामत."

मी आतून ऐकत असे. हातात कणीक असे नाही तर भांडं असे. एकदा शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पाणीही चांगलं आहे हो इथलं." त्यावर मामांनी मान डोलावून "हवा आणि पाणी" अशी दुरुस्ती केली. मला वाटलं होतं, तिसरं काहीतरी आता निघेल. नाही निघालं.

पण खरं सांगायचं तर मामांपेक्षा मला मामींचा राग जास्त येई. पुरुषमाणूस तसाच वागायचा, हे आम्ही धरूनच चालत होतो. पण बाईला बाईचं दिसू नये? त्या सकाळी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून परसात येत आणि दगडावर बसत. ऊन सरकलं की त्या सरकत. मी त्यांच्यासमोर नळावर धुण्याचा ढीग आपटत असे, मुद्दाम जरा जोरातच. त्या पाय थोडे वर घेत, शिंतोडे उडू नयेत म्हणून. एकदा मी म्हटलं, "मामी, वेळ जात नसेल ना तुमचा? शेंगा आणून देऊ का फोडायला?"

"जातो की," त्या म्हणाल्या. "छान जातो."

त्या भांडायच्या नाहीत, नावं ठेवायच्या नाहीत, स्वयंपाकात खोड काढायच्या नाहीत. जे वाढलं ते जेवत. एवढ्या गुणी मामेसासूबद्दल तक्रार तरी कोणाकडे करायची? मी ह्यांच्याकडे केली.

"त्यांना बरं नसेल," हे म्हणाले.

"त्यांना काय झालंय? आजारी तर मामा आहेत."

ह्यांना ते उत्तर पटलं आणि त्यांनी वर्तमानपत्र वर धरलं.

मार्गशीर्ष संपत आला होता. एक दिवस दुपारी धुणं वाळत घालताना मला हुडहुडी भरली. आधी वाटलं वारा सुटलाय. मग दातावर दात आपटायला लागले आणि हातातलं ओलं धोतर तसंच दोरीवर टाकून मी माजघरात येऊन पडले. संध्याकाळी डॉक्टर आले. हिवताप म्हणाले. बाटलीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेलं ते कडू औषध दिलं आणि ह्यांना बजावून गेले की ताप पुरता उतरेपर्यंत उठू द्यायचं नाही.

मी गोधडीत पडून थोरलीला सांगितलं, "उद्या शाळेत जाऊ नकोस. भात तुला येतो. पिठलं मी इथून सांगीन तसं कर. धाकटीला सांभाळ."

तिची नाताळच्या सुटीआधीची परीक्षा होती. ती नुसती उभी राहिली. रडली नाही, पण परकराचं टोक मुठीत धरून उभी राहिली.

सकाळी मला जाग आली ती मामींच्या आवाजानं. त्या थोरलीला म्हणत होत्या, "वेणी घातलीस का? मग पाटी घे आणि नीघ."

"पण आईनं सांगितलंय..."

"आईला ताप आहे. तापात माणूस काहीही सांगतं. नीघ तू."

मी आतून म्हटलं, "मामी, अहो तिला जाऊ देऊ नका. घरात कोण करणार?"

मामी दारात आल्या. म्हणाल्या, "मुलगी एकदा घरी बसवली की बसवलीच. आज ताप, उद्या पाहुणे." आणि मुलगी गेली.

मला वाटलं, चला, म्हणजे या स्वतः पदर खोचताहेत तर. इतक्या दिवसांनी का होईना, बाईला पाझर फुटला. मी डोळे मिटून घेतले. बंब पेटल्याचा आवाज येईना. चूल पेटल्याचा वास येईना. थोड्या वेळानं मामा फिरून आले. त्यांची काठी वाजली, मग घसा खाकरला, मग ते परसात उतरलेले ऐकू आले.

"अगं, काढा कुठे आहे?"

"केला नाही कोणी," मामी म्हणाल्या.

"सूनबाई आजारी आहे ना. मग तू ऊठ की जरा."

"मी हवापालटाला आलेय."

मामा म्हणाले, "हवापालट डॉक्टरांनी मला सांगितलाय."

"आपल्याला सांगितला तो आपल्याला मानवला. दोन-दोन भाकऱ्या जाताहेत, पायऱ्या चढवताहेत. आता एक चूल पेटवायला काय हरकत आहे? मला अजून मानवायचाय. मी बसते."

त्या चिडून बोलत नव्हत्या. वाण्याला 'आज गूळ नको' म्हणावं तशा बोलत होत्या. मामांनी ह्यांना हाक मारली. हे शाळेला निघायच्या बेतात होते. दोघंही पुरुष परसात जाऊन उभे राहिले असावेत, कारण मग मामींचा आवाज आला, आणि तो ह्यांना उद्देशून होता.

"चार वर्षं माझ्या हातचं जेवलास. पहाटेची गाडी असली तर पहाटे उठून तुला वाढलंय. कधी म्हटलं का मी, आज जमत नाही म्हणून?"

"नाही मामी," हे म्हणाले.

"मग आज तू भात लाव."

ह्यांनी शाळेत निरोप पाठवला. आणि माझ्या स्वयंपाकघरात ते दोघं शिरले.

पुढचे दोन-तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. माजघराच्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, आणि ते जास्त वाईट. आधी ढलप्यांचा धूर माजघरात भरला. मग काहीतरी तांब्याचं पडलं आणि घरंगळत गेलं. मग मामा म्हणाले, "हे मीठ की साखर?" आणि हे म्हणाले, "बघा की चाखून." मी ओरडून सांगितलं, "डाव्या हाताचा डबा मिठाचा." कोणाच्या डाव्या हाताचा यावर त्यांचा थोडा वाद झाला.

भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. भाकरी करायला मामा बसले, कारण लहानपणी आईला करताना पाहिलं होतं म्हणे. थापल्याचा आवाज आला, मग ती उचलताना फाटली असावी, कारण "हात्तिच्या" असं ऐकू आलं. दुसरी फाटली. तिसरी फाटली तेव्हा त्यांनी ते मानलंच नाही, तिचेच तुकडे तव्यावर भाजले. माझा मुलगा शाळेतून आल्यावर आत येऊन मला म्हणाला, "आई, आजोबांनी बाजरीची बिस्किटं केलीत." तो खुशीत होता. मला मात्र रडू कोसळायच्या बेताला आलं होतं. माझं लोणी, माझं पीठ, माझा घासूनपुसून ठेवलेला तवा. आणि परसात ती बाई उन्हात बसलेली.

एक कबूल केलं पाहिजे. धाकटीला त्यांनी उचललं होतं. दिवसभर ती मामींच्या मांडीवर उन्हातच असे. थिजलेलं तेल तळहातावर वितळवून तिच्या छातीला, पाठीला चोळत. तिची घरघर त्यातच थांबली. पण मला त्या वेळी त्याचंही काही वाटलं नाही. मला वाटायचं, मांडीवर मूल घेऊन उन्हात बसायला कोणाला आवडणार नाही?

दुपारी त्या माझ्यासाठी वाटीतून पेज घेऊन आल्या. ह्यांनी केली होती.

"करपलीय," मामी म्हणाल्या. "गिळून टाक."

मी म्हटलं, "तुम्ही नुसतं शेजारी उभं राहून सांगितलं असतंत तरी..."

"सांगितलं की त्यांना वाटतं, हिलाच करू दे. मी ओळखून आहे." त्या माझ्या उशाशी टेकल्या. "आमच्याकडे तिसरा मजला. नळ खाली. सून आली ती वेगळं बिऱ्हाड करून गेली. लग्न होऊन आले त्या दिवसापासून पाणी चढवतेय. घरात उन्हाचा कवडसाही नाही. ह्यांना डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली तेव्हा मला काही कोणी विचारलं नाही, येतेस का म्हणून. 'तुलाही यावं लागेल, माझं पथ्य कोण बघणार' म्हणाले. मी टांग्यातून उतरले आणि तुझं परसू पाहिलं. म्हटलं, इथे बसायचं. कोणी उठवेपर्यंत बसायचं. तू काही उठवलं नाहीस."

"मी कशी उठवणार? तुम्ही वडील माणसं."

"तेच ना," त्या म्हणाल्या आणि रिकामी वाटी घेऊन गेल्या. ती वाटी त्यांनी विसळली नाही. तशीच मोरीत ठेवली. तो आवाज मला ऐकू आला.

मला त्यांची कीव आली का? थोडी आली असेल. पण अंगात ताप असताना, पलीकडे घराची दैना चाललेली असताना, दुसऱ्याच्या तिसऱ्या मजल्याबद्दल वाटायचं ते पुरतं वाटत नाही. मला एवढंच कळत होतं की त्यांचा जन्माचा शीण काढायला त्यांना घर मिळालं होतं ते नेमकं माझं.

अंगातला ताप पुरता गेला नव्हता तरी मी उठले. डॉक्टर नको म्हणाले होते. पण मुलानं येऊन सांगितलं की विरजणाच्या गाडग्यात आजोबांनी चटणी कालवली, तेव्हा मला पडून राहवेना. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेले. चुलीभोवती राखेचा सडा, पिठाचा डबा उघडा, तव्यावर काळं काहीतरी चिकटून वाळलेलं. हे पाटावर बसून कांदा चिरत होते आणि डोळे कोटाच्या बाहीला पुसत होते. मला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, जसा लग्नानंतर कधी उजळलेला मी पाहिला नव्हता.

परसातून मामी म्हणाल्या, "निजून राहायचं होतंस. अजून दोन दिवसांत शिकले असते."

"तोवर माझं एक भांडं राहिलं नसतं," मी म्हटलं आणि राख भरायला खाली बसले. त्यांनी जीभ टाळ्याला लावून 'चक्' केलं. माझ्यावरच वैतागल्या होत्या त्या.

त्यानंतर आठवडाभरात मामांना नाशिकची हवा मानवेनाशी झाली. सकाळी तावदानं उघडायला गेले तर म्हणाले, "हवेत दमटपणा आलाय." आकाश कोरडं ठणठणीत होतं. संध्याकाळी म्हणाले, "आता निघावं हे बरं. खोकलाही गेलाय." ह्यांनी टांगा सांगायचं कबूल केलं. मी मनात रजया कुठे उन्हात घालायच्या त्याचा विचार करायला लागले.

तर मामी म्हणाल्या, "आपण पुढे व्हावं. मी मागाहून येते."

"मागाहून म्हणजे?"

"थंडी सरली की."

मामा ह्यांच्याकडे बघत राहिले. हे माझ्याकडे. "तूच सांग काय ते," हे म्हणाले. इतके दिवस कोण येणार, कोण राहणार, कुठल्या खोलीत राहणार, कोणत्या खिडक्या उघड्या ठेवणार हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं ते या वेळी, जेव्हा 'नाही' म्हणणं माझ्यावरच येणार होतं.

मामींची गयावया नाही, काही नाही. धाकटीच्या अंगावरची दुलई सारखी करत बसल्या.

मी म्हटलं, "राहू देत संक्रांतीपर्यंत." आवाज चांगला निघाला नाही माझा. त्रासिकच निघाला. मामा दुसऱ्या दिवशी आरामखुर्ची घेऊन गेले.

मला वाटत होतं, आता तरी बाई जरा हातभार लावतील. निदान संक्रांतीच्या हलव्याला. हलवा म्हणजे थंडीतलं काम. शेगडीवर परात, परातीत तीळ, वरून थेंब थेंब पाक सोडायचा आणि हातानं हळूहळू फिरवत राहायचं. हवेत गारवा असला तर काटा येतो. मामी हलव्याला बसल्या, हे खरं. पण शेगडीची ऊब मिळते म्हणून बसल्या असाव्यात. मध्येच हात थांबे, मध्येच धाकटीला खेळवत. पाक एकदम जास्त पडे. हलवा झाला तो वाटाण्यासारखा गुळगुळीत. एकाही दाण्याला काटा नाही. शेजारणींना वाटताना मला लाज वाटली. मामींना अजिबात वाटली नाही. "गोड आहे ना," म्हणाल्या.

थोरलीशी मात्र त्यांचं जमलं. ती शाळेतून आली की परसात जाऊन त्यांच्याजवळ बसे आणि काय काय शिकली ते वाचून दाखवी. मामींना वाचता येत नव्हतं. मी थोरलीला भाजी निवडायला हाक मारली की मामी म्हणत, "धडा संपू दे तिचा." आणि ती माझी पोरगी, तिथेच बसून राही. या एका गोष्टीवरून आमचं थेट भांडण झालं, एकदाच. मी म्हटलं, "तुम्ही चार दिवसांनी जाल. घर मला चालवायचंय." त्या म्हणाल्या, "चालव. पण तिच्या हातानं कशाला?" दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मग भांडीवाली पेठेहून आली, तिच्यावर मी सगळा राग काढला आणि बोलणं आपोआप सुरू झालं.

संक्रांत उलटली तरी मामी निघाल्या नाहीत, तेव्हा रथसप्तमीच्या सुमारास मामा न्यायला आले. खाणावळीत जेवून गालफडं बसली होती. सदऱ्याची कॉलर मळलेली, एक गुंडी तुटलेली. परसात गेले, मामींसमोर उभे राहिले आणि "कशी आहेस?" म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बरी आहे," मामी म्हणाल्या. खरंच बऱ्या होत्या. गालांवरचा पिवळटपणा गेला होता.

"पाणी चढवायला एक गडी लावलाय," मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जणू मी विचारलं असावं तसं, "मी एक आठवडा चढवून पाहिलं. छातीत भरतं."

मामींनी बोचकं बांधायला घेतलं. त्यांना बांधायला वेळ लागत होता म्हणून शेवटी मीच बांधलं. टांग्यात बसताना त्यांनी थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवला, धाकटीचा मुका घेतला आणि मला म्हणाल्या, "बंबाचं पाणी आधी तू घेत जा. मग पेटवू देत ज्याचं त्यानं." हे शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि घोड्याच्या लगामाकडे पाहायला लागले.

मी काही बंबाचं पाणी आधी घेतलं नाही. मुलांची शाळा असते, ह्यांची शाळा असते, सांगणं सोपं आहे. पण त्या थंडीपासून हे उठून ढलप्या फोडून द्यायला लागले. रोज नाही. आठवण केली की. थोरली पुढे हायस्कुलात गेली, आणि तेव्हा घरात जो विचारविनिमय झाला त्यात मी तिच्या बाजूनं बोलले. ते मामींमुळे की माझं मला वाटलं म्हणून, हे मला सांगता येत नाही.

मामी नंतर पुन्हा आल्या नाहीत. पुढच्या थंडीत सुनेचं बाळंतपण निघालं, त्याच्या पुढच्या थंडीत मामांनाच अर्धांग झालं आणि त्या अडकल्या. मुंबईहून कोणी आलं की सांगायचं, मामी तुमच्या परसाची फार आठवण काढतात. माझी काढतात असं कोणी म्हणालं नाही.

आता माझ्याकडे सुना आहेत आणि त्या मला विचारतात, म्हणजे मग तुमची नि त्यांची चांगली गट्टी जमली असेल ना? नाही जमली. त्यांच्याबद्दल मला बरंच काही वाटतं, पण त्या माझ्या घरात होत्या तोवर एक दिवस असा गेला नाही की मला त्यांचा वैताग आला नाही. ओलं लुगडं त्या पिळायच्याच नाहीत. तसंच दोरीवर टाकत आणि खाली चिखल करत. मी शेवटच्या दिवसापर्यंत ते पुन्हा पिळून घालत होते.